पाहुणा कुणाच्या वाड्यावर उतरतो?

गेल्या हिवाळ्यात गोंदियात पदवीधरांसाठी एक मार्गदर्शन शिबिर झाले. विषय होता परदेशातील नोकरी. वक्ते आफ्रिका आणि आग्नेय आशियातील विकसनशील देशांत बरीच वर्षे काढून आलेले गृहस्थ होते. माणूस सज्जन होता, हे आधीच नमूद करतो. करार कसा वाचावा, पगाराचा कोणता भाग हातात पडतो, हिवतापापासून कसे जपावे, हे त्यांनी पोटतिडकीने सांगितले. परंतु व्याख्यानाचा निम्म्याहून अधिक वेळ त्यांनी एकाच गोष्टीला दिला. ती गोष्ट म्हणजे ‘तिथल्या प्रतिष्ठितांशी संबंध’. पहिल्या महिन्यातच चांगल्या क्लबाचे सभासद व्हा, आपल्या लोकांचे मंडळ शोधा, मंत्र्यापेक्षा मंत्र्याच्या सचिवाला धरा, मोठ्या घरचे लग्न चुकवू नका. मुले भराभर टिपून घेत होती. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, आणि तिथल्या गरीब लोकांशी कसं वागायचं?” वक्ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “नोकरचाकरांशी नेहमी नीट वागावं.”

सभागृहात कुणी हसले नाही. कुणाला काही खटकलेही नाही. मला मात्र त्या उत्तराने अनेक दिवस स्वस्थ बसू दिले नाही. विचारणारी मुलगी ज्या घरातून आली होती त्या घरातल्या बाया आजही दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जातात. वक्त्यांच्या भाषेत ती ‘नोकरचाकर’ या सदरात मोडत होती, आणि तरीही ती त्यांच्याकडून प्रतिष्ठितांकडे जाण्याचा रस्ता लिहून घेत होती.

प्रतिष्ठित म्हणजे कोण? हा शब्द आपण फार सहज वापरतो. तो माणसाचा गुण सांगत नाही, त्याची जागा सांगतो. ज्याच्या ओसरीवर बाहेरचा माणूस प्रथम टेकतो तो प्रतिष्ठित. आमच्या झाडीपट्टीत ही ओसरी मालगुजाराची होती. १९५१ साली मालगुजारी कायद्याने संपली. मालगुजारांच्या मालकीचे तलाव ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून सरकारकडे गेले. ओसरी मात्र बरीच वर्षे टिकली. दौऱ्यावर साहेब आला की तो वाड्यावर उतरे. माझे आजोबा गावचे कोतवाल. साहेबाचे सामान डोक्यावर घेऊन पुढे चालणे, वाट दाखवणे आणि शिवेचे दगड कुठून कुठवर आहेत ते सांगणे, ही त्यांची कामे. महाराष्ट्रात शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जात असे, ही इतिहासातली गोष्ट आहे. म्हणजे गावाची माहिती महारापाशी होती. पण साहेबाचे जेवण वाड्यावर होई, आणि जेवताना जे कानावर पडे तेच पुढे कागदावर उतरे. माहिती एकाची आणि म्हणणे दुसऱ्याचे, अशी ही वाटणी होती.

परदेशातील कामासंबंधी आज जे ‘ओळखी वाढवा’चे शास्त्र शिकवले जाते ते या वाटणीहून वेगळे नाही. बाहेरून आलेला माणूस वाड्यावर उतरतो आणि वाड्याच्या डोळ्यांनी गाव पाहतो. फरक एवढाच, की आता त्या पाहुण्याच्या जागी आपली मुले जाऊ लागली आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार आपल्या नियतकालिकात व्हायला हवा असे मला वाटते.

हा दोष केवळ व्यापाऱ्यांचा आणि कंपन्यांचा नाही. विद्वानही त्यातून सुटलेले नाहीत. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरकडच्या एका खेड्यात राहिले. आपल्या ग्रंथांत त्यांनी त्या गावाला ‘रामपुरा’ हे नाव दिले आहे. त्यांचा मुक्काम गावच्या प्रमुखाच्या आवारात होता. १९७० साली त्यांची टिपणे आगीत जळाली आणि आठवणींच्या आधारे त्यांनी ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ हा ग्रंथ लिहिला. तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. आपण पाहिलेले गाव हे वरच्या जातींच्या बाजूने पाहिलेले गाव आहे, ही कबुली त्या ग्रंथात आहे. ही कबुली प्रामाणिक आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. पण एवढ्या मोठ्या अभ्यासकाची ही गत, तर तीन वर्षांच्या करारावर पंप विकायला गेलेल्या पोराची काय कथा?

आता दुसरी बाजू. प्रतिष्ठितांची ओळख हे पाप आहे काय? तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी शब्द टाकला, सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली बाबासाहेब न्यू यॉर्कला गेले. पुढे शाहू महाराजांनी मदत केली. माझ्यासारख्याला जी नोकरी मिळाली तिच्यामागेही कुणीतरी कुणाला तरी सांगितलेला एक शब्द होता. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ओळखी नांदत आहेत त्यांनी खुशाल ओळखीला नाके मुरडावीत. आपल्याला ती चैन परवडणारी नाही.

परंतु ओळखीची मर्यादा बाबासाहेबांइतकी कुणीच दाखवून दिलेली नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटे आत्मकथन त्यांच्या हयातीनंतर कित्येक वर्षांनी, १९९० साली पुस्तकरूपाने आले. या लेखनाकडे आपण बहुधा अस्पृश्यतेच्या प्रसंगांची नोंद म्हणून पाहतो. मी ते परदेशाविषयीचे पुस्तक म्हणून वाचतो, आणि शीर्षकाचा रोखही तिकडेच आहे. व्हिसा परक्या देशात शिरताना लागतो. इथे तो स्वतःच्या देशात लागतो. पाश्चात्त्य देशांत काढलेल्या वर्षांनी अस्पृश्यपणाची जाणीव मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेब सांगतात. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले आणि स्टेशनावर उतरताच प्रश्न उभा राहिला, जायचे कुठे? राज्याच्या धन्याची ओळख पाठीशी होती. शहरात एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता. तरी पारशाच्या पथिकाश्रमात खोटे नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. दोन्ही मित्रांनी आपापली अडचण सांगितली. रात्रीच्या गाडीची वाट पाहत तो बॅरिस्टर होऊ घातलेला विद्वान सार्वजनिक बागेत बसून राहिला.

महाराजांच्या ओळखीने एक खाट मिळाली नाही. ओळखीच्या शास्त्रात या प्रसंगाला कुठे जागा आहे? आमचे वक्ते ज्या ओळखीविषयी बोलत होते ती माणसाला दारापर्यंत नेते. दार उघडायचे की नाही हे आतली व्यवस्था ठरवते, आणि ती व्यवस्था पारपत्राबरोबर प्रवास करते. श्रीधर व्यंकटेश केतकर या मराठी पंडितानेच १९०९ साली इशारा दिला होता, की हिंदू इतर देशांत जाऊन वसले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीसंस्थेवरील निबंध वाचताना बाबासाहेबांनी हा इशारा आवर्जून उद्धृत केला.

तो प्रश्न कसा प्रवास करतो हे पाहायचे तर पूर्व आफ्रिकेकडे पाहावे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी रेल्वे बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले. त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. रुळांमागून दुकानदार, कारकून, शिंपी गेले. वर गोरा, मध्ये हिंदी, खाली आफ्रिकन अशी उतरंड तयार झाली. उतरंडीच्या मधल्या मडक्याला वरचा भार जाणवतो, खालच्याचा जाणवत नाही. मधल्या मडक्याच्या आतही पुन्हा कप्पे होते. नैरोबीत गोवेकरांचा एक क्लब नव्हता. बाबू लोकांचे क्लब निराळे होते आणि शिंपीकाम करणाऱ्या गोवेकरांची संस्था निराळी होती. समुद्र ओलांडल्याने जात बाटते असे धर्मशास्त्र म्हणत होते. प्रत्यक्षात ती मजेत बोटीतून उतरली आणि तिने क्लबाची नियमावली लिहिली.

या नैरोबीत १९४८ साली स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून एक मराठी माणूस आला. औंधच्या प्रतिनिधींचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. ऑक्सफर्डला शिकलेले, बॅरिस्टर, आणि ज्या औंधात १९३९ साली गांधींच्या सल्ल्याने राजाने आपली सत्ता प्रजेकडे सोपवली त्या घरातले. प्रतिष्ठितांशी संबंध जोडण्याचे उदाहरण म्हणून त्यांच्याइतके मोठे मराठी नाव सापडणार नाही. पण त्यांनी गोऱ्यांच्या क्लबावर समाधान मानले नाही. जोमो केन्याटा, म्बियु कोइनांगे अशा आफ्रिकन नेत्यांशी त्यांनी मैत्री जोडली, आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. इंग्रज सरकारला हे सहन झाले नाही आणि त्या दडपणाखाली १९५४ साली त्यांना तिथून हलवावे लागले. ओळखीची किंमत मोजणारा हा माणूस होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तरीही टीकाकाराने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. ही मैत्री कुणाची कुणाशी होती? एकीकडे संस्थानिकाचा मुलगा. दुसरीकडे कोइनांगे हा किकुयूंच्या बड्या मुखियाचा मुलगा. पंतांच्या आठवणींचे ‘अ मोमेंट इन टाइम’ हे पुस्तक १९७४ साली आले. ते वाचताना मला राहून राहून जाणवते ती त्यातली सहजता. राजपुत्राला दार ठोठावावे लागत नाही. तो जिथे जातो तिथे आधीच कुणीतरी उभा असतो. हा पंतांचा दोष नव्हे, पण त्यांच्या अनुभवाची ती सीमा आहे. ही वाट आपल्या मुलांना ‘आदर्श’ म्हणून दाखवण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी कुणीही दारात उभे नसते.

आणखी एक गोष्ट. स्वातंत्र्यलढ्यातील प्रतिष्ठित स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते होतात. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला, १९६४ साली केन्याटा राष्ट्राध्यक्ष झाले. गोऱ्यांनी सोडलेल्या जमिनींतला मोठा वाटा नव्या सत्तेच्या जवळच्यांकडे गेला. ज्यांनी जंगलात राहून बंदुका घेतल्या होत्या ते बव्हंशी भूमिहीनच राहिले. हे वाचताना मला आफ्रिका आठवत नाही. माझा तालुका आठवतो.

ही जमिनीची गोष्ट तिथे उघडपणे बोलणारा एक माणूस आपल्याच किनाऱ्याशी नाते सांगणारा होता. पियो गामा पिंटो १९२७ साली नैरोबीत जन्मला, गोवेकर आईबापांच्या पोटी. शिक्षणासाठी भारतात आला, गोवामुक्तीच्या चळवळीत पडला आणि पोर्तुगीजांच्या हाती सापडू नये म्हणून १९४९ साली केनियात परतला. त्याला क्लब मिळाला असता. तो कामगार संघटनांत गेला, आफ्रिकन वस्त्यांत गेला, माऊ माऊ लढ्याला गुप्तपणे मदत करू लागला. १९५४ साली इंग्रजांनी त्याला पकडले आणि १९५९ पर्यंत स्थानबद्ध ठेवले. सुटल्यावर तो बंदिवानांच्या कुटुंबांसाठी राबला. पुढे तो खासदार झाला. ओगिंगा ओडिंगांसारख्या मोठ्या नेत्याशी त्याचे निकटचे संबंध होते. म्हणजे प्रतिष्ठितांची ओळख त्यालाही होती. पण त्या ओळखीचा उपयोग त्याने भूमिहीनांचा प्रश्न सभागृहात नेण्यासाठी केला. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी स्वतःच्या घराच्या फाटकात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. स्वतंत्र केनियातील पहिली राजकीय हत्या म्हणून ती ओळखली जाते. तिचे सूत्रधार कधीच न्यायालयात उभे राहिले नाहीत.

याच्या उलट टोकही पाहू. १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियायींना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. तो हुकूम क्रूर होता, वंशद्वेषी होता, त्याचे समर्थन कुणी करू नये. पण कितीतरी धनिकांच्या मंत्र्यासंत्र्यांशी ओळखी होत्या. त्या नव्वद दिवसांत त्यांतली एकही कामी आली नाही. वाड्याची ओळख वाडा उभा आहे तोवरच असते.

वर दोनदा १९५४ हे साल आले. आमच्या भागाला हे साल वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्या वर्षी भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले आणि पराभूत झाले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. आमच्या वस्तीतली म्हातारी माणसे तो पराभव घरातल्या मर्तिकासारखा सांगत. ज्या वर्षी या मातीने त्यांना नाकारले त्याच वर्षी बाबासाहेब दोनदा ब्रह्मदेशात गेले. दुसऱ्या खेपेस, डिसेंबरात, रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी. न्यायमूर्ती, मंत्री, महास्थविर, असा तिथला मेळावा. प्रतिष्ठितांचाच म्हणा. मग बाबासाहेबही तेच करत होते काय?

याचे उत्तर चार वर्षे मागे, सिलोनमध्ये सापडते. १९५० साली कँडी येथे याच संघटनेची पहिली परिषद भरली होती. बाबासाहेब तिथे गेले ते या देशात बौद्ध धर्म प्रत्यक्ष किती जिवंत आहे हे पाहायला. चरित्रकार धनंजय कीर यांनी पुढची जी हकीकत नोंदली आहे ती मला फार मोलाची वाटते. कोलंबोच्या टाउन हॉलमधील सभेत बाबासाहेब तिथल्या अस्पृश्यांना उद्देशून बोलले, त्यांना बौद्ध धर्म स्वीकारण्याचे आवाहन केले आणि सिलोनच्या बौद्धांना या माणसांना मायेने जवळ घेण्यास सांगितले. पाहुणा म्हणून गेलेला माणूस यजमानाच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीची चौकशी करतो! शिष्टाचाराच्या पुस्तकात हे बसत नाही. पण गावात शिरल्यावर वस्ती कुठे आहे हे ज्याला न विचारता कळते त्याला दुसरे काही करताच येत नाही. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील नीग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले तेही स्वतःच्या परिचयासाठी नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघाकडे तिथल्या नीग्रोंनी केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ओळख कामासाठी होती आणि काम आपल्या माणसांचे होते.

येथे मला माझी कसोटी सापडते. तुम्ही प्रतिष्ठितांच्या घरी गेलात की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या घरातून तुमची वाट पुढे कुठे जाते, हा खरा प्रश्न आहे. ती ओसरीवरच संपत असेल तर तुम्ही नवे साहेब झालात. ती वस्तीपर्यंत जात असेल तर ओसरीवर घेतलेल्या पाण्याचा दोष लागत नाही.

आपल्या साहित्याने हा प्रश्न अजून नीट हाताळलेला नाही, अशी माझी तक्रार आहे. मराठीतील परदेशवर्णने बहुधा पाहुण्यांनी लिहिली. पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ १९६३ साली आले. त्याची रसिकता मी नाकारत नाही, पण तो पाहायला गेलेल्या माणसाचा पूर्वेकडचा देश आहे, राबायला गेलेल्याचा नव्हे. दुसरीकडे आपली स्वकथने. ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे हे दोन तुकडे गाव आणि मुंबई यांच्यात पडलेले आहेत. ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) मध्ये बाप पोरांना शिक्षणाच्या वाटेवर ढकलतो. त्या पुस्तकानंतर डॉ. नरेंद्र जाधव अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे सल्लागार झाले. बंदरावर राबणाऱ्या बापाचा मुलगा परक्या देशाच्या तिजोरीबाबत सल्ला देतो, ही साधी गोष्ट नाही. पण अशा टेबलाशी बसल्यावर आपल्या माणसाला काय वाटते, समोरच्या प्रतिष्ठिताच्या बोलण्यात तो कुणाचा आवाज ऐकतो, चहा आणणाऱ्याच्या चेहऱ्यात त्याला कोण दिसते, हे सांगणारे स्वकथन आपल्याकडे उभे राहायला हवे. दलित साहित्य गावकुसाबाहेरचे साहित्य आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. मग दुसऱ्यांच्या गावकुसाबाहेर कोण राहते, हे लिहिण्याची जबाबदारी कुणाची?

आता ज्या कारणाने हे सारे लिहायला बसलो त्याविषयी. सडक-अर्जुनी तालुक्यातला माझा एक विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतील एका शहरात नोकरीवर गेला. एका रात्री त्याचा फोन आला. वरिष्ठांनी सांगितले होते, बड्या लोकांत ऊठबस वाढव. तिथल्या बड्या लोकांपर्यंतचा रस्ता आपल्या देशबांधवांच्या एका मंडळातून जात होता. पहिल्याच संध्याकाळी तिथे एकाने नाव विचारले, मग आडनाव विचारले, मग गाव, मग ‘म्हणजे तुम्ही कोण?’ तो म्हणाला, “सर, इथंही तेच. आडनाव बदलून टाकू का? इथं कुणाला काय कळणार?”

माझ्या तोंडी एकदम उत्तर आले नाही. बडोद्याच्या त्या पथिकाश्रमात बाबासाहेबांनीही खोटे नाव सांगितले होते. पोटासाठी परक्या मुलखात एकट्या पडलेल्या पोराला आपण इथे बसून शौर्य शिकवू नये, हेही मला कळत होते. मी त्याला विचारले, “तुझ्या गोदामात माल उतरवणारे लोक कुठं राहतात, ठाऊक आहे का?” तो म्हणाला, “नाही.” मी म्हणालो, “आडनावाचं तू ठरव. मी तुला दोष देणार नाही. पण एखाद्या रविवारी तिकडं जाऊन ये.”

महिन्याने त्याचा पुन्हा फोन आला. तो जाऊन आला होता. गोदामातल्या एका हमालाने त्याला घरी नेले होते. पत्र्याचे घर, बाहेर सार्वजनिक नळाची रांग. त्या माणसाने त्याला नाव विचारले आणि तेवढ्यावर थांबला. आडनाव विचारले नाही, म्हणून हाच म्हणाला, “सर, मी मग आपणच सांगितलं.”

मंडळात तो आजही जातो. जावे लागते, नोकरी आहे. पण तिथल्या लोकांविषयी आता तो मला जे सांगतो ते मंडळात ऐकलेले नसते. आडनावही त्याने बदललेले नाही. मी त्याला लिहायला सांगितले आहे. त्याचे लेखन आले तर वाचकांपुढे ठेवीन.